वामनरावांची तीन वाक्यं

बुधवारी दुपारी छापखान्यातून घरी परतताना खामगावच्या भर रस्त्यात झुंबरबाईंनी वामनरावांना वाकून नमस्कार केला, आणि वामनरावांचं पाऊल उचललेलं तसंच राहिलं. ज्या बाईला त्यांनी एकोणीसशे सतराच्या साली आपल्या लेखणीनं जिवंत सोलून काढलं होतं, ती बाई हसतमुखानं समोर उभी होती. बाजूनं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, धुरळ्यात कापसाचे पुंजके लोळत होते, आणि कन्याशाळेची ही मास्तरीण डोक्यावरचा पांढरा पदर सावरत सांगत होती की तिच्या पुष्पीचं लग्न जमलं. मुलगा मेहकरच्या कचेरीत कारकून आहे, चैत्रात बार उडवायचा आहे, आणि पुष्पीला तिथल्याच मुलींच्या शाळेत जागा मिळाली आहे, सासरच्यांची ना नाही. वामनराव हं हं करत राहिले. ही बाई आपल्याला हे का सांगते आहे, हे त्यांना कळेना. पुष्पीच्या नोकरीची बातमी त्यांना आधीच लागली होती. तासाभरापूर्वीच त्यांनी तिच्यावरचा लेख छापखान्यात कय्यूमच्या हातात ठेवला होता.

"तुम्हाले सांगायचंच होतं, वामनरावजी," झुंबरबाई म्हणाल्या, "कारण हे तुमच्यामुळे झालं. सतरा साली तुम्ही मास्तरणींवर लिहिलं, तवा सगळा बाजार म्हणे, आता झुंबरीचं नाव येते. मी त्या शुक्रवारी पेपर घेऊन विहिरीच्या काठावर बसली होती. पोर मांडीवर होती. नाव नव्हतं. लिहिलं तुम्ही कडकच, आमचं चूल सोडणं तुम्हाले पटत नाही, ते आपल्या जागी. पण कोण्या बाईच्या अंगावर चिखल नाही उडवला तुम्ही. नाव आलं असतं तर आज ना मी असती ना माही पुष्पी."

असं म्हणून त्या गेल्या. वामनराव एका गाडीच्या जुवाला हात लावून उभे राहिले, आणि गाडीवान "सरका ना जी" म्हणाला तेव्हा सरकले. नाव होतं. त्यांना पक्कं ठाऊक होतं की नाव होतं. ती तीन वाक्यं त्यांना आजही तोंडपाठ होती. पहिल्यात झुंबरबाईचं गाव, नाव आणि कूळ होतं. दुसऱ्यात नवरा प्लेगनं मेला त्या दिवसापासून मुलगी जन्मली त्या दिवसापर्यंतचे महिने मोजले होते. तिसऱ्यात फक्त एक साधासा, सभ्य दिसणारा प्रश्न होता. त्या प्रश्नावर ते स्वतःच इतके खूश झाले होते की लिहून झाल्यावर उठून दारापर्यंत जाऊन आले होते. आणि हीच वाक्यं, आता मुलगी वयात आली म्हणून मुलीचं नाव पुढे घालून, आज त्यांनी पुन्हा लिहून दिली होती.

वामनरावांचं 'मर्यादा' हे साप्ताहिक एकवीस वर्षं दर शुक्रवारी निघत होतं, आणि या जिल्ह्यात असा माणूस नव्हता ज्याचं त्यांच्याशी वाकडं नव्हतं. मुलींच्या लग्नाचं वय ठरवणारा कायदा आला तेव्हा त्यांनी सरकारला सोलून काढलं, देवळं खुली करा म्हणणाऱ्यांना सोलून काढलं, प्रभातफेरीवाल्यांना तर उभं-आडवं. गेल्या शिमग्याला काँग्रेसच्या पोरांनी त्यांच्या दारासमोर येऊन त्यांच्या नावानं बोंब मारली होती, आणि वामनराव आतून कडी लावून ती बोंब समाधानानं ऐकत बसले होते. तरी एक गोष्ट सगळेच कबूल करत. वकील मंडळी म्हणत, वामनराव जुन्या वळणाचा, हेकट, पण माणसाची अब्रू घेणारा नव्हे. ही स्तुती कानावर येई तेव्हा वामनरावांना वाटे, लोक पेपरच्या नावावरून बोलतात. आपण अब्रू घेतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. समाज धाकानं चालतो आणि धाकाला नाव-गाव लागतं, नुसत्या तत्त्वाला कुत्रंही भीत नाही, असं त्यांचं मत होतं, आणि ते मत त्यांनी कधी लपवलं नव्हतं.

छापलेलं मात्र ते वाचत नसत. हा त्यांचा नेम होता. त्यांच्या गावी, जानेफळला, वडील देवळात पुराण सांगत, आणि घरी आल्यावर कुणी "आज काय सांगितलं" विचारलं तर म्हणत, बोललेला शब्द उष्टा, उष्टं पुन्हा पानात घेऊ नये. वामनरावांनी तोच नेम लेखणीला लावला. बुधवारी मजकूर कय्यूमकडे द्यायचा, आणि तो हातावेगळा झाला की त्याचं तोंड पाहायचं नाही. प्रूफ कय्यूमच पाही. कय्यूम छापखान्यातला जुळारी. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवणारा. वामनरावांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं, आणि ते अख्ख्या खामगावात एकट्या कय्यूमलाच लागे. छापखान्याचे मालक अर्जुनराव कौतुकानं सांगत की ब्रह्मदेवाचं लिहिलेलंही आमचा कय्यूम वाचून काढील. आपलंच लिहिलेलं न वाचणारा संपादक आणि ते एकटाच वाचणारा जुळारी, यात कुणालाच कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी पगडी खुंटीला न लावताच सतराच्या सालची फाइल काढली. धूळ इतकी होती की शिंका आल्या. गीताबाई माजघरातून पाणी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या, कारण सत्तावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या हातात त्याचाच पेपर त्यांनी कधी पाहिला नव्हता. मास्तरणींवरचा लेख आषाढातल्या अंकात होता. वामनराव बोट ठेवून वाचत गेले. चूल, शाळा, बाईमाणसाचं उंबऱ्याबाहेरचं पाऊल, सगळं होतं, शब्दाला शब्द. मग जिथे झुंबरबाई यायला हवी होती तिथे एक बारीकसं फूल होतं. जागा भरायला छापखान्यात ठेवतात तसलं, पाच पाकळ्यांचं शिशाचं फूल. त्याच्या खाली लेख पुढे चालू होत होता, जणू मध्ये काही नव्हतंच.

त्यांनी पुढचा अंक उघडला, मग त्यापुढचा. मग अठरा, एकोणीस, वीस, आणि मागे पार पहिल्या सालापर्यंत. धाडच्या बाजारात जातीबाहेरच्या माणसाच्या हातचं पाणी प्यालेल्या पाटलावर लिहिलं होतं, तिथे पाटील होता, त्याचं नाव नव्हतं, एक फूल होतं. चिखलीच्या वकिलाच्या विधवा बहिणीच्या जागी फूल. बापाशी भांडून बोर्डिंगात राहिलेल्या एका विद्यार्थ्याच्या जागी दोन फुलं. वामनरावांना प्रत्येक जागचं वाक्य आठवत होतं, आणि ती वाक्यं आठवताना त्यांना आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं, कारण त्यांची सगळ्यात चांगली, ज्यांच्यावर ते मनातल्या मनात म्हातारपण काढणार होते ती वाक्यं, कुणी म्हणजे कुणीच वाचली नव्हती. एकवीस वर्षं ते एका पेपरात लिहीत होते आणि लोक दुसराच पेपर वाचत होते.

"तू वाचत होतीस हे?" त्यांनी विचारलं. गीताबाई चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, दर शुक्रवारी, शेजारच्या बायकांनाही वाचून दाखवते. मग पाण्याचा पेला खाली ठेवत त्या जरा थांबल्या आणि जे कधी बोलल्या नव्हत्या ते बोलल्या.

"घरात तुम्ही लोकांबद्दल फार वाईट बोलता. सुरुवातीला मला भीती वाटायची की हा माणूस असाच असला तर कसं व्हायचं. पण शुक्रवारचा पेपर वाचला की बरं वाटायचं. म्हणायची, तोंडानं कडू आहे, पण हातात लेखणी आली की शहाणा होतो. त्यावरच तर दिवस काढले."

 वामनरावांना एकदम दिसलं की ही बाई एकवीस वर्षं कय्यूमच्या जुळवणीबरोबर नांदली. हे त्यांना फार लागलं. त्यांनी फाइल मिटली आणि भिंतीला टेकून बसून राहिले. गीताबाईंनी पेला उचलला नाही.

धाकाची गोष्ट त्यांना पुस्तकातून कळली नव्हती. नव्व्याण्णव सालच्या त्या छपन्न्या दुष्काळात ते पंधरा वर्षांचे होते. जानेफळात आधी धान्य संपलं नाही, आधी रीत संपली, असं ते नेहमी सांगत. कुणी कुणाच्या हातचं खाऊ लागलं, कुणी जनावरांच्या तोंडचं काढून खाल्लं, आणि त्यांची धाकटी मावशी शालू, जी त्यांना मांडीवर घेऊन ओव्या म्हणायची, ती एका गाडीवानाच्या मागे, त्याच्याजवळच्या ज्वारीच्या मागे, गाव सोडून गेली. पाऊसपाणी झालं, सुगी आली, तेव्हा ती परत आली. कडेवर पोर होतं. ती म्हणाली, लग्न लावलं होतं त्यानं, मेहकरच्या देवीसमोर, मग पटकीनं मेला. वामनरावांचे वडील दारात उभे होते. ते काही रागावले नाहीत. त्यांनी उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर एकेक करून टेकवला, एक, दोन, तीन, असे महिने मोजले, हिशेब बसला नाही, आणि त्यांनी दार लावलं. तो अंगठा वामनरावांच्या डोळ्यासमोरून कधी गेला नव्हता. त्यांना त्यात क्रौर्य दिसलं नव्हतं, उलट आधार वाटला होता. बुडत्या गावात एक माणूस अजून मोजतो आहे, म्हणजे अजून सगळं बुडालेलं नाही. मावशी पुढे कुठे गेली हे कुणी विचारलं नाही. वामनरावांनीही नाही, आणि आज, भिंतीला टेकून बसलेले असताना, पहिल्यांदाच त्यांना वाटलं की विचारायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी ते छापखान्यात गेले. अर्जुनराव अकोल्याला गेलेले होते. कय्यूम खिडकीजवळ आपल्या खणांसमोर उभा होता, चष्मा कपाळावर, बोटं शिशानं काळी. वामनराव गुरुवारी कधी येत नसत, त्यामुळे त्याला काय समजायचं ते समजलं असावं. त्यानं स्टूल पुढे सरकवलं. वामनराव बसले नाहीत. एरवी ते पेपरातली मराठी बोलत. आज तोंडातून जानेफळ निघालं.

"काऊन बे कय्यूम? कोणाले विचारून?"

"कोणालेच नाही," कय्यूम म्हणाला. हातातली ओळ त्यानं खाली ठेवली. तो बिनदिक्कत, पण हळू बोलत होता. त्यानं सांगितलं की पहिल्यांदा असं केलं तेव्हा तो रात्रभर झोपला नव्हता, वाटलं उद्या हाकलून देतील. पण तुम्ही वाचलंच नाही. दुसऱ्या वेळी केलं, तेव्हाही नाही. मग वाटलं, कदाचित यांना माहीत असेल आणि यांनाही तेच हवं असेल. "तुमच्या लेखात धा गोष्टी राहत. नऊ बाजारात बोलता येत, त्या म्या जुळवल्या. धावी अशी राहे, का तो माणूस पुन्हा बाजारात येऊच शकला नसता. तेवढी बाजूले ठेवली."

वामनरावांनी विचारलं, आणि तुझ्या लोकांबद्दल लिहिलं ते? तेही सोयीनं गाळत होतास ना? हे विचारताना त्यांना बरं वाटलं, कारण इथे कय्यूम सापडणार होता.

"फाइल पाहा," कय्यूम म्हणाला. "गाईवरून लिहिलं, मशिदीसमोरच्या वाजंत्र्यावरून लिहिलं, आमच्या जातीवरून लिहिलं. एका खिळ्याले हात नाही लावला. ते काढलं असतं तर तो माहा मतलब झाला असता. रोहिणखेडले माहा बाप ते कोणाकडून वाचून घे, अन् मी घरी गेलो का दोन दोन दिवस माह्याशी बोलत नसे. मशिदीत झाडलोट करणारा माणूस तो. मेला तवाही त्याच्या मनात हेच होतं, का माह्या पोरानं हे आपल्या हातानं जुळवलं."

वामनरावांना फाइल पाहायची गरज नव्हती. काल पाहिली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं होतं की तेवढे लेख पूर्ण होते, त्यांत एकही फूल नव्हतं. तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. आता कळला, आणि ते स्टुलावर बसले. मग ते म्हणाले की कालचा लेख जसाच्या तसा जुळव, काना-मात्रा न बदलता, आणि मला प्रूफ दाखव. कय्यूमनं मान हलवली. मग नुसता खिळ्यांचा आवाज येत राहिला. वामनरावांच्या मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, एकवीस वर्षांत एकदा तरी माझं जगाला दिसू दे, बरं-वाईट जे असेल ते, पण माझं. दुसरा नुसता विहिरीच्या काठावर बसलेली बाई पाहत होता.

प्रूफ ओलं होतं, शाईचा वास येत होता. तीनही वाक्यं होती. हातानं लिहिताना ती चमकदार वाटली होती. छापल्यावर ती थंड, नीटनेटकी आणि कुणाचीही वाटत होती. पुष्पा हे नाव इतर शब्दांएवढ्याच खिळ्यांनी बनलेलं होतं. महिने आकड्यांत होते. वामनरावांनी ते आकडे पाहिले, आणि त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप पेरांवर फिरू लागला आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात मांडीखाली दाबला.

"काढ हे," ते म्हणाले. "नेहमीसारखं."

"नाही," कय्यूम म्हणाला. "आजपावतो तुम्हाले माहीत नव्हतं, म्हणून मी काढे. आता माहीत हाय. आता मी काढलं तर पाप टळंल, पण ते तुम्ही टाळलं असं नाही होणार. हे तुमच्या हातानं काढा, नाही तर राहू द्या. मी छापतो."

राहू दिलं असतं तर शनिवारी मेहकरला पेपर पोचला असता, आणि पुष्पीचा चैत्र उजाडलाच नसता. काढलं असतं तर कबूल करावं लागणार होतं की लोक ज्या वामनरावांना मान देत होते, तो हा शिशानं माखलेल्या बोटांचा, रोहिणखेडचा माणूस होता. वामनरावांनी पेन्सिल मागून घेतली. पहिलं वाक्य खोडायला फार वेळ लागला. दुसरं आणि तिसरं लगेच खोडलं. मग त्यांनी उरलेला लेख वाचला आणि त्यांना दिसलं की ते सगळं त्या तीन वाक्यांकडे जाण्यासाठीच लिहिलेलं होतं. छपरातला कुजका वासा काढावा आणि बाकीची कौलंही घसरत यावीत तसं ते एकेक वाक्य खोडत गेले. शेवटी वर मथळा उरला आणि खाली त्यांचं नाव. कय्यूम म्हणाला, जागा भरायला कापसाच्या जिनवाल्यांची जाहिरात टाकू का? वामनराव म्हणाले, काही टाकू नको, कोरं राहू दे. लोक काय समजतील, असं कय्यूमनं विचारलं. जे समजायचं ते समजोत, असं म्हणून ते उठले. खरं म्हणजे त्यांना त्या कोऱ्या जागेबद्दल अभिमानच वाटला होता. आपलं म्हणावं असं एकवीस वर्षांत हेच पहिल्यांदा छापून येत होतं.

त्या हिवाळ्यात वर्तमानपत्रांना वेसण घालणारा सरकारी वटहुकूम निघालेला होता. नागपूरकडची पत्रं अधूनमधून सरकारच्या कात्रीमुळे कोरा रकाना सोडून निघत, आणि लोक तो कोरा रकाना छापील रकान्यांपेक्षा आवडीनं वाचत. हे वामनरावांना माहीत होतं. पण सरकारच्या कात्रीचा आपल्याशी कधी संबंध येईल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण सरकारला त्यांचं लिहिणं मनातून सोयीचंच वाटे.

शनिवारी सकाळी आरडाओरडा ऐकून ते बाहेर आले तर अंगणात पन्नास-साठ माणसं. पुढे शालिग्राम वकील, खादीची टोपी, दोन महिन्यांपूर्वीच तुरुंगातून सुटून आलेला. शिमग्याच्या बोंबेचा पुढारी हाच होता. त्याच्या हातात झेंडूचा हार होता. मागे ओसरीत गीताबाई, आणि फाटकापाशी, सायकल धरून, कय्यूम. शालिग्राम म्हणाला की आजवर आपलं पटलं नाही, पण सरकारनं ज्याच्या लेखणीला हात घातला तो आमचा माणूस. त्यानं विचारलं, कोणत्या साहेबानं खोडलं?

"कोणी नाही," वामनराव म्हणाले. "मीच खोडलं."

 शालिग्राम हसला आणि मागे वळून म्हणाला, "समजलं का? नाव घेता येत नाही. छापखान्याचं डिपॉझिट जप्त करतील." लोकांत हशा पिकला, टाळ्या पडल्या. वामनराव पुन्हा म्हणाले, मी शपथेवर सांगतो, त्यात सरकारविरुद्ध एक अक्षर नव्हतं, ते लिहिणं घाण होतं म्हणून मीच काढलं. टाळ्या आणखी वाढल्या. कुणी तरी म्हणालं, याले म्हणतात माणूस, मार खाऊन बी कुरकुर नाही.

"बरं, साहेबाचं राहू द्या," शालिग्राम जवळ येऊन म्हणाला. "काय लिहिलं होतं तेवढं सांगा. आम्ही घरोघर सांगू. सांगा, मंग आम्ही मानतो, का तुम्हीच खोडलं."

तीनही वाक्यं वामनरावांच्या जिभेवर आली. तीच ती, अगदी पूर्ण, काना-मात्रेसकट. ती म्हटल्याशिवाय यांतला एकही माणूस त्यांच्यावर विश्वास ठेवणार नव्हता, आणि ती म्हटली की संध्याकाळपर्यंत ती अख्ख्या जिल्ह्यात फिरणार होती. त्यांनी फाटकाकडे पाहिलं. कय्यूम टाळ्या वाजवत नव्हता, मानही हलवत नव्हता, नुसता त्यांच्याकडे पाहत होता. गीताबाईंचे डोळे भरून आले होते. त्यांना नवऱ्याचा अभिमान वाटत होता, आणि वामनरावांना तो अभिमान सहन होत नव्हता.

"काय होतं ते आता आठवत नाही," वामनराव म्हणाले, आणि त्यांनी हारासाठी मान खाली केली.